शून्य गुणांचा आषाढ

गोव्याला नेमकं कधी जावं, या प्रश्नाचं उत्तर विनता वळवईकरनं शोधून काढलं, आणि त्या उत्तराची पहिली झळ तिच्याच भावाला बसली.

प्रश्न तसा जुनाच. एखाद्याचा एक नातेवाईक गोव्यात असला, की उरलेलं सगळं गणगोत त्याला हेच विचारत असतं. डिसेंबरात गर्दी, मे महिन्यात घाम, जून ते सप्टेंबर पाऊस. मग माणसानं यावं तरी कधी? पूर्वी गोवेकर हसून म्हणायचे, "घर तुमचंच आहे, कधीही या." मनातल्या मनात 'फक्त मे महिन्यात नको' असंही म्हणून घ्यायचे. आता ती सोय राहिली नव्हती. आता 'सुदिन' आला होता.

हवामानाच्या अंदाजाचं खरं दुखणं असतं बारीकशी चूक. आज अरबी समुद्राची उष्णता मोजताना केसाएवढी चूक झाली, की ती रोज फुगत जाते आणि पंधरवड्याच्या आत सगळा अंदाज वाहून जातो. विनता पणजीजवळच्या एका संशोधन केंद्रात काम करायची. तिनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी समुद्रात सुपारीएवढे हजारो मणी सोडले. लाटांबरोबर भटकत ते पाण्याची उष्णता, खारेपणा आणि वरच्या हवेतली वाफ सतत कळवत राहायचे. चूक फुगायच्या आत गणित स्वतःला दुरुस्त करून घ्यायचं. त्यामुळे कुठला आठवडा ओला आणि कुठला कोरडा, हे तीन-चार महिने आधी सांगता येऊ लागलं. आणि दोन दिवस आधी तर कुठल्या गावात कुठल्या प्रहरी सर येणार, वारा कधी उठणार आणि कधी पडणार, इथपर्यंत. विनताच्या शेजारणी तिला विचारल्याशिवाय पापड वाळत घालेनाशा झाल्या.

इथवर सगळं ठीक होतं. पण पर्यटनाचा कारभार पाहणाऱ्या हंगाम मंडळाला पावसाशी कर्तव्य नव्हतं. त्यांना हवा होता पाहुण्यांचा आनंद. त्यांनी हंगामात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर एक पातळ पट्टी बांधायला सुरुवात केली. नाडी, त्वचेची ऊब, झोप, हसण्याचा आवाज, या सगळ्यांवरून पट्टी त्या माणसाचा 'आनंदांक' काढायची, शंभरपैकी. तो आनंदांक विनताच्या अंदाजाला जोडला आणि प्रत्येक गावाला, प्रत्येक आठवड्याला गुण मिळू लागले. त्याचंच नाव सुदिन; फोन करून विचारलं, की तो बोलून उत्तर द्यायचा.

लोकांनी सुदिनला डोक्यावर घेतलं. विमानं त्याच्या गुणांवर उडू लागली, हॉटेलं त्याच्या गुणांवर उघडू लागली. नव्वदच्या वर गुण मिळालेल्या आठवड्यात किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसायची; मग गर्दीनं वैतागलेल्या पाहुण्यांचे आनंदांक घसरायचे, सुदिन त्या आठवड्याचे गुण कापायचा आणि ती सगळी झुंबड पुढच्या आठवड्यावर जाऊन आदळायची. जून ते सप्टेंबरला मात्र सरळ शून्य. शून्य म्हणून विमानं नाहीत, विमानं नाहीत म्हणून हॉटेलं बंद, हॉटेलं बंद म्हणून आचारी, वाजंत्री, गाड्या चालवणारे सगळे चार महिने परमुलखात. मंडळानं त्या काळाला 'बंद हंगाम' असं सुटसुटीत नावही देऊन टाकलं.

विनताला मानाचा पुरस्कार मिळाला. तिनं तो दिवाणखान्यात मधोमध ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर तिकडे वळते की नाही हे ती बघत बसायची. अशाच एका फेब्रुवारीतल्या सकाळी तिच्या भावानं तिला घरी बोलावून घेतलं.

घर म्हणजे केवडजुवें. जुवें म्हणजे नदीतलं बेट. मांडवीच्या पात्रात खारफुटीनं वेढलेलं हे एवढंसं गाव, आणि तिथं जायला एकच वाट, फेरीबोट. ती बोट सगुण चालवायचा, विनताचा थोरला भाऊ. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन सगळं बेट फिरवणारा हा दादा बोलायला फार मोजका होता. त्या दिवशी तो अंगणात उभाच होता.

"बाय, तुज्या यंत्रान आमकां शून्य दिलां."

"तुम्हांला नाही दादा. पावसाळ्याला दिलंय."

"एकच तें," सगुण म्हणाला आणि त्यानं मंडळाचा निरोप सांगितला. पावसाळ्यात बेटावर पाहुणा येत नाही, तेव्हा पुढल्या वर्षापासून ते चार महिने फेरी बंद. गावकऱ्यांसाठी पलीकडच्या तीरावर खोल्या बांधून मिळतील. या जुलैअखेरीस शेवटचा निर्णय. "चार म्हयने आमी खंय वचप? त्या खोल्यांनी? म्हशी खंय व्हरप? आनी कालो?"

जायचं कुठं, म्हशी न्यायच्या कुठं, हे तर होतंच; पण खरा प्रश्न शेवटचा. काला म्हणजे चिखलकाला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढल्या मैदानात गुडघाभर चिखल होतो, आणि अंगाला तेल चोपडून आख्खं गाव त्यात उतरतं. पकडापकडी, लंगडी, ओढाताण. शेवटी कोण कोणाचा कोण हे आईलाही ओळखू येत नाही. गोव्यात असे काले आणखीही आहेत. पण केवडजुव्याची एक रीत न्यारी होती. या बेटाचे बांध पूर्वी कधीतरी वाहून गेले, तेव्हा पलीकडचे लोक धावून आले आणि चिखलात उभे राहून त्यांनी बांध घातले. तेव्हापासून काल्याच्या चिखलात पहिलं पाऊल पडायचं ते नदीपलीकडून आलेल्या पाहुण्याचं. पाहुणा उतरल्याशिवाय गावातलं पोरसुद्धा चिखलाला पाय लावायचं नाही. बंद हंगाम सुरू झाल्यापासून पाहुण्यांचा दुष्काळ पडला होता. आदल्या वर्षी म्हशीला तपासायला आलेल्या डॉक्टरांनाच गावानं बुटांसकट चिखलात उतरवलं होतं. बिचारे पुढे महिनाभर फोन उचलत नव्हते.

"फेरी ना म्हळ्यार पावणो ना," सगुण म्हणाला. "पावणो ना म्हळ्यार कालो ना."

विनताला पुरस्काराची धुंदी होती, दुसरं काय! ती म्हणाली, "मग काला डिसेंबरात करा की. मंडळ टँकरनं पाणी द्यायला तयार आहे. तेव्हा गुणही चांगले असतात."

सगुणनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग तो फेरीची किल्ली घेऊन धक्क्याकडे चालू लागला. परतीच्या फेरीत त्यानं तिला नदी पार करून दिली, पण एक शब्द बोलला नाही. त्यानंतर तिनं केलेले फोनही त्यानं घेतले नाहीत. आई-वडील गेल्यावर उरलेलं हे एकुलतं एक माणूस. त्याचा अबोला तिला आत कुठेतरी टोचत राहिला. तरी आपलं चुकलं असं तिला वाटेना. आकडा आकडा असतो, त्याला भाऊबहीण नसतात, असं ती स्वतःला बजावत राहिली.

जून उजाडला. एका दुपारी केंद्रात बसून विनता सुदिनकडे आलेले विचित्र प्रश्न ऐकत होती. ज्यांचं समाधान झालं नाही अशा लोकांचे आवाज वेगळे ठेवले जात, आणि करमणूक म्हणून सगळे ते ऐकत. त्यात एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"आवं, गोव्यात लई पाऊस कवा पडतो तेवढं सांगा. आमाला तवाच यायचंय."

सुदिननं अदबीनं उत्तर दिलं होतं, "पावसाळ्यात आपण येऊ नये असा सल्ला आहे. आपण जानेवारीत यावे."

"जानेवारीत आमच्याकडं बी ऊनच असतंय की! ऊन बघायला एवढं लांब कशापायी यायचं? तू पाऊस कवा ते सांग."

"पावसाळ्याचे गुण शून्य आहेत."

"शून्य कुणी दिलं? कुणाला इचारून दिलं?" आणि बाईंनी फोन आपटला होता.

शेजारच्या टेबलावरचे सगळे हसले. विनताही हसली, पण अर्ध्यावर थांबली. कुणाला विचारून दिलं? तिनं सुदिनला समोर घेतलं आणि विचारलं, "आषाढात केवडजुव्याला आलेल्या किती पाहुण्यांचा आनंद तू मोजलास?"

"एकाचाही नाही," सुदिन शांतपणे म्हणाला.

"आणि बाकी गोव्यात? भर पावसात, मुद्दाम पाऊस बघायला आलेल्या?"

"एकाचाही नाही. पट्ट्या ऑक्टोबर ते मे या काळातच बांधल्या गेल्या."

"मग शून्य गुण कुठून आणलेस?"

"जिथे माहिती नसेल तिथे शून्य धरावे, असे मला शिकवले आहे."

ती बैठक तिला आठवली. रिकाम्या जागांचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं होतं, आणि तेव्हा तिचं लक्ष ढगांच्या नकाशात होतं. "भरा शून्य, पुढे चला," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना हलवल्या, तिनंही. आकड्यांशी खेळणारी माणसंच करू शकतील अशी ही चूक. ताटात काही वाढलंच नाही, आणि वर लिहून टाकलं की जेवण बेचव! मग त्या शून्यामुळे कुणी आलं नाही, कुणी आलं नाही म्हणून शून्य तसंच राहिलं, आणि आता त्याच शून्याच्या जोरावर तिच्या दादाची फेरी बंद व्हायची होती.

त्याच संध्याकाळी ती हंगाम मंडळाच्या अध्यक्ष आलोका भोबे यांच्यापुढे उभी राहिली. भोबेबाई म्हणजे कडक इस्त्रीची सुती साडी आणि तितकंच कडक बोलणं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शून्य काढायचं, ठीक. त्या जागी काय भरू? तुमचं बालपण?"

विनता पुढे सरसावली, तोच बाईंनी हात वर केला.

"माझा पावसावर राग नाही," भोबेबाई म्हणाल्या, "पण रिकामी बोट मी भावनेवर चालवू शकत नाही. पाहुणे आणा, पट्ट्या बांधा. जो आकडा येईल तो मी मान्य करीन. वाईट आला तर मात्र तुम्हीही मान्य करायचा."

"कबूल. पण तुम्हीसुद्धा यायचं, पट्टी बांधून."

भोबेबाईंच्या भुवया वर गेल्या. "मी चिखलात उतरणार नाही हं."

"कडेला उभ्या राहा."

फोन आपटणाऱ्या त्या बाई निघाल्या सांगोल्याच्या इंदुमती बाबर. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि एका मोठ्या महिला मंडळाच्या पुढारी. विनतानं फोन करून "यंत्राच्या वतीनं माफी मागते" म्हटल्यावर बाई खळखळून हसल्या. "आमच्याकडं ढग येत्यात, आमाला बघत्यात आन् तसंच फुडं जात्यात. सगळ्याजणींनी ठरवलंय, मरायच्या आधी एकदा पोटभर पावसात भिजायचं. तू फकस्त दिवस सांग, पोरी."

दिवस विनतानं सांगितला, तो काल्याचाच; आठवडाही तिच्या गणितात चांगला ओला निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच तिचं गणित पाऊस टाळण्याऐवजी पाऊस गाठण्यासाठी चाललं होतं, आणि ते करताना तिला फार मजा वाटत होती.

काल्याच्या दिवशी सकाळी सांगोल्याची बस धक्क्यावर येऊन थांबली, तेव्हा नदी खवळलेली होती. वारा असा, की इंदुमतीबाईंची छत्री उघडता उघडताच उलटी झाली. फेरीबोट दोरखंडाला बांधलेली होती. वाऱ्याच्या जोरावर बोट सोडायची की नाही हे ठरवायचा अधिकार चालकाचा, आणि सगुणनं ती सोडायची नाही असं ठरवलं होतं. एका बाजूला रेनकोटात, बसमधल्या बायकांसारखीच मनगटाला पट्टी बांधून, भोबेबाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं स्पष्ट दिसत होतं. पलीकडच्या तीरावर विनताचा निरोप मिळालेलं आख्खं गाव तेल चोपडून पाहुण्याची वाट बघत होतं.

विनता सगुणपाशी गेली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच दोघं समोरासमोर येत होती. डिसेंबरात काला करा म्हणणारी आपली जीभ तेव्हाच झडली कशी नाही, असं तिला वाटून गेलं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"दादा, वारो थोड्या वेळान पडटलो," ती म्हणाली. "पुरता पडेल. मग परत उठेल, आणि त्याच्याबरोबर मोठा पाऊस. मधे सवड आहे."

सगुणनं नदीकडे पाहिलं. नदी तर दात विचकून उभी होती. "कितलो वेळ?"

"एक फेरी आरामात जाईल, आणि वर उरेल. मणी सांगताहेत. तीनतीनदा बघितलंय मी."

"आनी चुकलें जाल्यार?"

"हांव तुज्याच बोटींत आसतलें."

लहानपणी विनता झाडावरून उडी मारायच्या आधी सगुण खाली हात पसरून उभा राहायचा आणि ती डोळे मिटून स्वतःला सोडून द्यायची. आज भरवसा ठेवायची पाळी त्याची होती. तो बोटीवर चढला, इंजिन तापवून ठेवलं, आणि हात बांधून उभा राहिला.

माडांच्या झावळ्या वाऱ्यानं झोडपून निघत होत्या. सगळी बस श्वास रोखून उभी होती. मग झावळ्या हळूहळू खाली आल्या. पाण्यावरचा फेस विरला. वारा पडला; थोडाथोडका नाही, पुरता पडला.

"सगळ्यांक बसूंक सांग!" सगुण ओरडला. त्याच्या आवाजात असा आनंद तिनं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

बोट सुटली. करड्या, गुळगुळीत पाण्यावरून सांगोल्याच्या बायका एकमेकींचे हात धरून चालल्या. भोबेबाईंनी कठडा घट्ट धरला होता. बेट जवळ आलं, बोट धक्क्याला लागली, शेवटची बाई उतरली. सगुणनं दोर आवळला, आणि तेव्हा कुठे मागून वाऱ्याचा पहिला झपाटा आला आणि त्याच्यामागून धो धो पाऊस. दोन्ही तीरांवरच्या लोकांनी एकच जल्लोष केला. विनताला रडू फुटलं आणि पावसात ते कुणाला दिसलं नाही, फक्त सगुणला दिसलं. त्यानं तिच्या डोक्यावर आपला ओला हात एकदा ठेवला.

मैदानाच्या कडेला आल्यावर मात्र घोळ झाला. आजवर पाहुणे म्हणून पुरुषच आले होते. देवळातले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. इंदुमतीबाईंनी पदर खोचला होता, त्या तशाच थबकल्या.

"बायका चालत न्हाईत व्हय?"

सगुण पुढे झाला. "आमची रीत पाहुण्याची आहे, मावशी. पाहुणा बाई की पुरुष, असं रीतीत कुठं आलंय? नदीपलीकडून आलात ना? मग व्हा पुढं."

इंदुमतीबाईंनी चिखलाला वाकून हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला त्या घसरल्या आणि सपशेल बसल्या. मग बाईंनी आभाळाकडे तोंड करून अशी आरोळी ठोकली, की देवळातली घंटा वाजवायची कुणाला गरज उरली नाही. पाठोपाठ अख्खं महिला मंडळ उतरलं आणि त्यांच्यामागून गाव. ज्यांनी आयुष्यभर पाणी मोजूनमापून वापरलं होतं, त्या बायका आता डोक्यावरून ओंजळी भरभरून चिखल उडवत होत्या. त्यातल्या एकीनं सगुणलाच लंगडीत बाद केलं.

दुपारी पाऊस विनतानं सांगितलेल्या वेळेला उघडला. देवळाच्या मंडपात गरम पेज वाढली गेली, आणि तिनं सुदिनला सगळ्या पट्ट्या वाचायला सांगितल्या. भोबेबाई शेजारी बसल्या. त्यांची साडी पावसानं काठांपर्यंत भिजली होती, पण चिखलाचा एक डागही नव्हता. त्या दिवसभर शब्दाला जागून कडेलाच उभ्या होत्या.

"केवडजुवें, आजचा सरासरी आनंदांक ब्याण्णव," सुदिन म्हणाला. "कुठल्याही किनाऱ्याच्या कुठल्याही आठवड्यापेक्षा जास्त."

मंडपात आरोळ्या उठल्या. इंदुमतीबाईंनी विचारलं, "सगळ्यात जास्त कुणाचा? माजाच आसणार!"

"इंदुमती बाबर, पंचाण्णव," सुदिन म्हणाला. "सर्वाधिक आलोका भोबे, अठ्ठ्याण्णव."

सगळ्यांच्या नजरा वळल्या. भोबेबाईंचा चेहरा लाल झाला. "यंत्र बिघडलंय तुमचं," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणाला होतात, जो आकडा येईल तो मान्य," विनता म्हणाली.

भोबेबाईंनी पट्टीकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. "फेरी चालू राहील," त्या म्हणाल्या. "बाराही महिने. आणि पुढच्या वर्षी मी जुनी साडी नेसून येणार आहे."

सगुणनं हे ऐकलं आणि पेजेचं भांडं तसंच टाकून तो धक्क्यावर धावला. क्षणात फेरीचा भोंगा वाजला. लांबच लांब, नदीच्या दोन्ही तीरांवर ऐकू जाईल असा. तो थांबला तेव्हा विनता त्याच्यापाशी पोहोचली होती. डिसेंबराबद्दल ती काही बोलणार होती, पण त्यानं तिला बोलू दिलं नाही. त्यानं तिला सरळ उचललं, मैदानापर्यंत नेलं आणि लहानपणी टाकायचा तसंच चिखलात टाकून दिलं.

पुढल्या आषाढात केवडजुव्याला इतके पाहुणे आले, की पहिलं पाऊल कुणाचं यावर लातूरकर आणि बार्शीकर हमरीतुमरीवर आले. सगुणला सकाळपासून एक घोट चहा प्यायला सवड झाली नाही आणि त्याबद्दल तो येईल त्याच्याकडे हसत हसत तक्रार करत होता.

सुदिन अजूनही आहे. विनतानं त्याच्या शिकवणीत एकच गोष्ट बदलली. कुणी त्याला एखाद्या गावाबद्दल, एखाद्या आठवड्याबद्दल विचारलं आणि त्याच्यापाशी माहिती नसली, तर आता तो शून्य सांगत नाही. जुन्या गोवेकरांच्या अंगणात ऐकू यायचं तसंच काहीसं तो म्हणतो:

"मला माहीत नाही. तुम्ही येऊन बघा."